लॉगिन बरोबर, तरी चलन दुसऱ्याचे

भिवंडीजवळच्या दापोडे परिसरात गोदामांची दाट वस्ती आहे. अशा ठिकाणी मालाची आवक-जावक, चलने आणि ग्राहकांचे पत्ते आता बऱ्याचदा वेब-प्रणालीवर असतात. या प्रणालीला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: समोरचा माणूस कोण, आणि त्याला काय पाहण्याचा अधिकार आहे.

पहिली गोष्ट सगळेच तपासतात. चुकीचा पासवर्ड, मुदत संपलेला ओटीपी, वगैरे. खरी गळती दुसरीकडे होते. समजा, एका व्यापाऱ्याने स्वतःचे चलन उघडले आणि वेब-पत्त्याच्या शेवटी असलेला १०४१ हा आकडा बदलून १०४२ केला. दुसऱ्या व्यापाऱ्याचे चलन उघडले, तर लॉगिन कितीही भक्कम असो, उपयोग शून्य. पडद्यावरचे बटण लपवणे म्हणजे संरक्षण नव्हे; प्रत्येक मागणीला सर्व्हरनेच हक्क तपासायला हवा.

म्हणून चाचणीत दोन व्यापाऱ्यांची खाती तयार करतात आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याचे चलन मागतात. उत्तर ४०३, म्हणजे मनाई, यायला हवे. लॉगिनच नसेल तर ४०१. लॉगआउटनंतर जुने सत्र चालता कामा नये. कोड बदलला की या चाचण्या आपोआप पुन्हा चालाव्यात, कारण आज बंद केलेली फट उद्याच्या दुरुस्तीत परत उघडू शकते.

वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत हक्क न तपासण्याचा हा दोष २०१७ मध्ये पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला आला. गोदामासाठी प्रणाली घेताना विक्रेत्याकडे ही दोन खात्यांची चाचणी समोर करून दाखवण्याचा आग्रह धरा.