लाल फिल्टर आणि खाडीकाठची हवा

कृष्णधवल फिल्मवर आकाश काळेभोर हवे असेल तर लेन्सवर लाल फिल्टर चढवा, असे फोटोग्राफीची पुस्तके सांगतात. सल्ला खरा आहे, पण तो स्वच्छ हवेचा आहे. अन्सेल ॲडम्सने 1927 मध्ये योसेमिटीच्या हाफ डोमचे गाजलेले छायाचित्र गडद लाल फिल्टर लावून टिपले, ते डोंगरातल्या निवळ हवेत. तिथे प्रकाश विखुरतात ते हवेचे रेणू, आणि ते 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतात. फिल्टर हा निळा अडवतो, म्हणून प्रिंटमध्ये आकाश काळवंडते. मीरा रोडच्या पूनम सागरमधून हिवाळ्याच्या धुरकट सकाळी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांकडे कॅमेरा रोखला, तर मध्ये आडवे येतात खाडीच्या बाष्पाचे थेंब आणि धूळ. हे कण आकाराने मोठे. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून तर ती हवा पांढरट दिसते. त्या पांढऱ्यातला लाल प्रकाश फिल्टरमधून बिनबोभाट आत येतो. डोंगर पुसटच राहतात आणि तीन स्टॉप प्रकाश मात्र जातो: 1/125 सेकंदाच्या जागी 1/15 लागतो, हात हलला की चित्र गेले. पावसाने हवा धुऊन काढल्यावर, ढगांमधून निळे आकाश उघडते तेव्हा हाच फिल्टर अप्रतिम काम करतो, हेही तितकेच खरे.

मग एरवी फिल्टर कशाला? रंग वेगळे काढायला, आणि माझ्या मते इथे त्याचा खरा उपयोग हाच. विटकरी भिंत आणि तिच्यापुढची तिवरे डोळ्याला स्वच्छ वेगळी दिसतात. फिल्मवर दोन्ही एकाच राखाडीत मिसळू शकतात. हिरवा फिल्टर पाने उजळतो, भिंत गडद करतो. हा वास्तवाशी खोटेपणा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण मुळात फिल्मच कुठे तटस्थ आहे? दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळातल्या नेहमीच्या सिनेफिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे, कुंकू काळे उमटे. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्मही निळ्याला डोळ्यापेक्षा जास्त दाद देते, आणि साधा पिवळा फिल्टर एका स्टॉपच्या मोबदल्यात तो कल बराच सुधारतो. दुसरा आक्षेप संगणकाचा: हे सारे नंतर करता येतेच की. डिजिटल कॅमेरा लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नोंदवतो, म्हणून त्याला ते जमते. कृष्णधवल निगेटिव्हवर उरते ती फक्त चांदीची घनता. शटर पडताना एक झालेले दोन रंग स्कॅन करून वेगळे होत नाहीत.