लाकडी सांध्याचे शिक्षण : श्रीरामपूर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
बलुतेदारीच्या काळात नांगर, बैलगाडी व घराची चौकट सुतारच घडवीत असे. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर श्रीरामपूर परिसरात ऊस वाढला. पुढे लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आले आणि सुतारकामाचा भर दारे, खिडक्या व फर्निचर यांकडे वळला. हे काम शिकताना सांध्याचे ज्ञान केंद्रस्थानी का असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाकडाचा स्वभाव :
उन्हाळ्यात सैल असलेले दार पावसाळ्यात घट्ट होते. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते व तो गेल्यावर आकसते. हा बदल तंतूंच्या लांबीत नगण्य, रुंदीत मात्र लक्षणीय असतो. म्हणूनच रुंद फळी खिळ्यांनी जखडल्यास तडकते. चौकटीच्या खाचेत मोकळी बसविल्यास टिकते.

सांध्याचे तत्त्व :
खुर्चीची आडवी पट्टी पायाला जोडताना पट्टीच्या टोकाला कुसू काढतात व पायात त्याच मापाचे भोक पाडतात. कुसवाची जाडी साधारणतः लाकडाच्या एक तृतीयांश ठेवतात. ती अधिक झाल्यास भोकाच्या भिंती दुबळ्या होतात; कमी झाल्यास कुसूच तुटतो. ड्रॉवरला मात्र डव्हटेल सांधा योग्य, कारण ओढताना तो अधिकच आवळतो.

शिक्षणाचा क्रम :
प्रथम रंध्याने एक बाजू सपाट करावी, गुण्या लावून शेजारची बाजू काटकोनात आणावी. पुढील सर्व मापे याच दोन बाजूंवरून घ्यावीत. करवत रेषेच्या टाकाऊ अंगाने चालवावी. उरलेले पटाशीने काढावे. सांधा सैल झाल्यास भुसा व सरस भरून तो झाकू नये. चूक कोठे झाली हे शोधणे, हेच खरे शिक्षण होय.

समारोप :
प्लायवूड फारसे आकसत नाही. त्यास स्क्रू व सरस पुरतात. त्यामुळे कुसवाची गरज घटली आणि तो 'का' हे जाणणारे हातही कमी होत आहेत. हे ज्ञान बहुतांशी पुस्तकात नसून हातात असते. एका पिढीने न घेतल्यास ते संपते. वर्धा येथील 1937 च्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचे माध्यम मानले होते. त्या दृष्टीने परिसरातील वृद्ध सुतारांकडील संज्ञा, मापे व कारणे नोंदविणे, हे भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र व मराठी या विभागांना एकत्र करता येण्याजोगे काम आहे.