दूध पाजायची उशी
बाळाच्या अवतीभवतीच्या वस्तू : भाग ७

मागच्या आठवड्यात पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्यांबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने त्यांच्यावर सरळ बंदीच घातली. आजची वस्तू तशी नाही. दूध पाजताना कमरेभोवती घ्यायची ही अर्धगोल उशी खरोखर कामाची आहे. बाळ छातीच्या उंचीला येतं, सिझेरियनच्या टाक्यांवर भार पडत नाही, खांदे भरून येत नाहीत. जुळ्यांच्या आईला तर तिचा मोठाच आधार. ती फेकून द्या, असं मी म्हणणार नाही.

अडचण सुरू होते ती बाळ पिता पिता झोपल्यावर. महत्प्रयासाने झोपलेलं बाळ उचललं की जागं होणार, हे कुठल्याही आईला ठाऊक असतं. मग त्याला तसंच उशीच्या खळग्यात ठेवून ती चार घास खायला जाते.

त्या खळग्यात काय होतं ते नीट पाहू. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, जवळजवळ एकूण लांबीचा पाव हिस्सा, आणि मागून फुगीर. ते सावरण्याची ताकद मानेत अजून आलेली नसते. डोकं उंचवट्यावर टेकलं की हनुवटी हळूहळू छातीकडे झुकते. श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद आणि लवचिक. मान दुमडली की हवेची वाट चिंबते. कधी बाळ कुशीवर कलंडतं आणि नाकतोंड मऊ कापसात रुततं. मग सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो आणि प्राणवायू कमी होत जातो. मोठा माणूस अशा वेळी धडपडून जागा होतो. तान्ह्या बाळाची ही जाग कच्ची असते. पुष्कळदा आवाजसुद्धा होत नाही. ‘रडलं की कळेलच’ हा भरवसा इथे चालत नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० ते २०२२ या काळात अशा उश्यांशी संबंधित किमान १५४ बाळांचे मृत्यू नोंदवले. बहुतेक वेळा उशी झोपण्यासाठी वापरली गेली होती. तिचाच भाऊबंद म्हणजे बाळाला टेकवून ठेवायचा लाउंजर. बॉपी कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आठ मृत्यूंच्या नोंदीनंतर असे सुमारे ३३ लाख लाउंजर परत मागवले.

‘यावर बाळाला झोपवू नये’ अशी चिठ्ठी उशीला शिवलेली असते. रात्री तीन वाजता ती कोण वाचणार? म्हणूनच आयोगाने २०२४ मध्ये मंजूर केलेला आणि एप्रिल २०२५ पासून लागू झालेला नियम मला पटतो, कारण तो मुळात उशीलाच हात घालतो. उशी पुरेशी टणक हवी, म्हणजे ती चेहऱ्याला चिकटून बसणार नाही. मधली जागा रुंद हवी, म्हणजे डोकं अडकणार नाही. बाळाला बांधायचे पट्टे नकोत. दमलेल्या आईच्या सावधपणावर सगळं सोडणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडेही ‘फीडिंग पिलो’ ऑनलाइन सहज मिळते. विकत घेताना मुठीने दाबून पाहा. मूठ खोल रुतली तर घेऊ नका. घरात राईची उशी असते ती वेगळी, पण झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली तीही नको.

‘डोकं उंच असलं म्हणजे दूध उलटून श्वासात जात नाही’ असं घरातल्या मोठ्या बायका काळजीपोटी सांगतात. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटलेलं दूध खालच्या बाजूला राहतं. सपाट गादीवर उताणं झोपलेलं निरोगी बाळ ते गिळतं किंवा बाहेर टाकतं. त्याला उंचवट्याची गरज नसते.

रात्री पाजताना डुलकी लागेल असं वाटत असेल, तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. तिथे बाळ फटीत सरकण्याचा धोका फार मोठा. त्यापेक्षा उश्या-पांघरुणं बाजूला केलेला पलंग कमी धोक्याचा. जाग आली की बाळ पाळण्यात ठेवायचं. आणि हे उचलून ठेवण्याचं काम बाळंतिणीचंच का? नवऱ्याने, सासूने, आईने आळीपाळीने उठावं: बाळ उताणं पाळण्यात, उशी कपाटात.

हनुवटी छातीला टेकण्याचा हाच प्रकार मोटारीतल्या बेबी-सीटमध्येही होतो. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.