जुनी मोटार पुन्हा कशी उभी राहते?

मुंबई-गोवा रस्ता पेणवरून नागोठण्याला आणि पुढे कोलाडला जातो. कोलाडहून रोहा जवळच. या रस्त्यावर तुम्ही कधीतरी एक गंमत पाहिली असेल. ट्रक येतो, पण त्याला ना टप, ना दार, ना फळ्या. पुढे इंजिन, खाली चाके आणि दोन लांब लोखंडी तुळया. डोक्याला मफलर गुंडाळून ड्रायव्हर वाऱ्यात बसलेला. पोरे ओरडतात, "अरे, नागडी गाडी चालली!"

ती नागडी गाडी म्हणजे चासी. घराला जसा पाया, माणसाला जसा कणा, तशी मोटारीला चासी. बॉडी तिच्यावर मागाहून बांधतात.

पूर्वी श्रीमंतांच्या मोटारीही अशाच विकल्या जात. १९३९ च्या महायुद्धापूर्वी विलायतेतला रोल्स-रॉइस कारखाना फक्त इंजिनासह चासी देत असे. जर्मनीच्या मेबॅक कारखान्याचीही तीच रीत. बॉडी दुसरे कारागीर बांधीत. आत लाकडाचा सांगाडा, वर पत्रा. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांनी अशा मोटारी घेतल्या. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते. ती पाहायला लोक गर्दी करतात.

पण अशा कितीतरी मोटारी गोठ्यात, पडवीत सडत पडल्या. त्यांतली एखादी पुन्हा चालती करायची, तर सुरुवात कुठून करावी? रंगापासून? नव्हे. चासीपासून.

खोलताना लिहा

पहिले काम गाडी खोलण्याचे. खोलायला पंधरा दिवस पुरतात. जोडायला वर्ष, दोन वर्षे लागतात. तोवर कोणता बोल्ट कुठला, हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून शहाणा मिस्त्री प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधतो. चिठ्ठीवर लिहितो, "पुढचे डावे चाक, आतला बोल्ट." फोटोही काढून ठेवतो. जो भाग शेवटी काढला, तो जोडताना आधी बसतो. वहीत सगळे ओळीने लिहिलेले असले, की उलट्या ओळीने वाचत जायचे. गाडी बरोबर जुळते.

गंज शोधा

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. त्यात मीठ असले, तर गंज अधिकच धावतो. खारेपाटातल्या माणसाला हे सांगायला नको. तिथे दाराच्या बिजागऱ्या किती दिवस टिकतात?

चासीच्या पोकळ तुळयांत चिखल बसतो. चिखलात ओल राहते. मग गंज आतून खात जातो आणि बाहेर रंग चकचकीत दिसतो. मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो ना? तसे मिस्त्री चासीवर लहान हातोडी मारतो. खणखणीत आवाज आला, तर लोखंड चांगले. बद्द आवाज आला, तर आत सडलेले. सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा लागतो. वर लांबी भरली, तर भोक झाकते, पण जोर येत नाही.

चासी सरळ आहे का?

गवंडी पाया आखताना दोरीने तिरपे माप घेतो. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे. दोन्ही मापे सारखी आली, की पाया काटकोनात. चासीचेही तसेच. डाव्या पुढच्या टोकापासून उजव्या मागच्या टोकापर्यंत मापावे, मग उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. फरक पडला, तर चासी वाकलेली आहे. वाकड्या चासीवर दारे नीट लागत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते.

मग वरचे काम

चासी सरळ झाली, की गंज न धरणारा रंग द्यायचा. मग स्प्रिंगचे पाटे, चाके आणि ब्रेक. गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे, हे ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन एकदम सुरू करू नये. आत दट्ट्या गंजून अडकलेला असतो. तेल सोडून ते मुरू द्यावे आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहावे.

मग सुताराचे काम, पत्रा ठोकणाराचे काम, गादीवाल्याचे काम. रंग शेवटी. पेणचे गणपती करणारे कारागीर ओल्या मूर्तीला रंग लावीत नाहीत. मूर्ती सुकते, घासून गुळगुळीत होते, मग रंग. डोळ्यांची आखणी तर अगदी शेवटी. मोटारीलाही पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा द्यायचा. घाई केली, की पापुद्रे निघालेच!

कायदा काय सांगतो?

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. अशी गाडी प्रदर्शनात, फेरीत नेता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही.

आपल्या कामाची गोष्ट

तुम्ही म्हणाल, राजाची मोटार आम्हाला काय करायची? बरोबर आहे. पण उद्या तुमचा मुलगा कर्ज काढून जुना टेम्पो घेईल. तो रंगावर भुलला, तर पैसे बुडतील आणि एखादे दिवशी जीवही धोक्यात येईल.

म्हणून घेण्याआधी खाली वाका. चासी पाहा, वाजवा, मापा. चासीवर एक नंबर ठोकलेला असतो. तो घासलेला नाही ना, ते पाहा. नोंदणीच्या कागदावरचा नंबर काढा आणि एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून पाहा. एकाही आकड्याचा फरक दिसला, तर पैसे देऊ नका.

हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. आता तुम्हालाही वाचता येते.