मोटारसायकलीला झेनॉन दिवा : गिऱ्हाईक मागते म्हणून बसवावा काय?

दुचाकी दुरुस्तीच्या आणि सुट्या भागांच्या धंद्यात आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. पुण्याच्या नाना पेठेतील दुकानदार असो की तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळचा एका शटरचा गॅरेजवाला, एक मागणी दोघांच्याही ओळखीची आहे : "उस्ताद, उजेड कमी पडतो, झेनॉन टाकून द्या." नव्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी दिवे येऊ लागल्याने ही मागणी ओसरली आहे. तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत आणि किटही मिळते. मजुरी सुटते म्हणून काम घेण्यापूर्वी त्यातील खाचाखोचा पाहणे बरे.

झेनॉन अथवा एच.आय.डी. बल्बात तार नसते. काचेच्या लहान कुपीत झेनॉन वायू व धातूंचे क्षार असतात आणि दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते. ती पेटविण्यासाठी बॅलास्ट क्षणभर वीस हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब देतो. म्हणून चालू किटच्या जोडणीला हात लावू नये, शिकाऊ पोराला तर मुळीच लावू देऊ नये. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेच्या मोटारीत हा दिवा प्रथम आला. ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन उजेड मिळतो. ६०/५५ वॅटच्या एच-४ हॅलोजनचा अप्पर १६५० च्या आसपास देतो. गिऱ्हाईक भुलते ते यालाच, आणि आकडा खोटा नाही.

अडचण पुढे आहे. पुष्कळ जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या ए.सी.वर चालतो, गाडी स्लो झाली की उजेड मंदावतो तो त्यामुळेच. बॅलास्टला मात्र स्थिर डी.सी. लागतो. मग कारागीर बॅटरीवरून वायर ओढतो. बल्ब ३५ वॅटचाच, मग लोड वाढला कोठे, असे वाटते. पण जो भार बॅटरीवर कधी नव्हताच तो आता तिच्यावर आला. किट चालू स्थितीत तीन-साडेतीन अँपिअर घेते, पेटताना त्याहून बरेच जास्त. अडीच अँपिअर-तासाची बॅटरी आणि बेताचे चार्जिंग यांना हे झेपत नाही. महिनाभरात बॅटरी बसते आणि गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात येते. बुलेटसारख्या ६०/५५ वॅटच्या गाडीत हा त्रास होत नाही, भार उलट कमीच होतो.

दुसरी गोष्ट आमच्या मते अधिक गंभीर आहे. एच-४ बल्बात डिपरच्या तारेखाली पत्र्याची लहान वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून खाली रस्त्यावर येतो. त्या डूममध्ये झेनॉनची कुपी बसवली की कमानीची जागा व आकार जुळत नाही, आणि प्रकाश चौफेर उधळतो. चालवणाऱ्याला चाकापुढचा रस्ता लख्ख दिसतो, समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. दुपदरी रस्त्यावर समोर सायकलवाला किंवा बैलगाडी असली तर काय होईल, हे सांगायला नको. निळसर ८००० केल्व्हिनचा बल्ब तर उजेडही कमी देतो आणि पावसात कुचकामी ठरतो.

कायदाही याच्या आड येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या तपशिलाहून वेगळा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार असा प्रत्येक बदल करणाऱ्या मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. दिव्याचा झोत आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवणारा नसावा, असा नियमही आहे. दंड गिऱ्हाईक भरेल, पण नाव गॅरेजचे निघेल.

मग गिऱ्हाईक परत पाठवावे काय? नाही. आधी मीटर लावून चालू दिव्याच्या होल्डरवर व्होल्टेज पाहावे. हॅलोजनला दाब दहा टक्के कमी मिळाला की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. डी.सी. हेडलाइटच्या गाडीत बारीक वायर, जळकट होल्डर आणि घासलेला स्विच एवढा दाब सहज खातात. अप्पर व डिपरला एकेक रिले बसवावा, बॅटरीपासून जाड वायर व मध्ये फ्यूज द्यावा, अर्थ साफ करावा. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर डूम बदलावा. बल्ब कंपनीच्याच वॅटचा ठेवावा. ए.सी.च्या गाडीत रिले चालणार नाही. तेथे होल्डर, अर्थ व रेग्युलेटर तपासणे हाच मार्ग.

शेवटी झोत जुळवणे, जे बहुतेक ठिकाणी कोणी करतच नाही. सपाट जागी, रात्री, गाडीवर माणूस बसवून दिवा भिंतीपासून दहा मीटरवर ठेवावा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा ते वीस सेंटिमीटर खाली हवी. या कामाला दहा मिनिटे लागतात. त्याची मजुरी बिलात वेगळी लावावी, गिऱ्हाईक फरक पाहून देते.