क्षणात भरावे, जपून ठेवावे

सोलापूरकरांना साठवणुकीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. काही दिवसांआड नळाला पाणी येते. तेवढ्या वेळात हंडे, कळशा, पिंपे भरून घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायची. न्यूट्रॉन साठवणारे शास्त्रज्ञही नेमके हेच करतात.

न्यूट्रॉन हा अणुकेंद्रातील विद्युतभार नसलेला कण. स्थिर अणुकेंद्रात तो टिकतो. मोकळा झाला की सरासरी पाऊण तासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १५ मिनिटेच जगतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. हे आयुर्मान अचूक मोजायचे, तर त्याला कोंडून ठेवायला हवे.

अडचण वेगाची आहे. ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ कार्यान्वित झाली. ‘ध्रुव’मधील न्यूट्रॉनच्या झोतांनी पदार्थांची अंतर्रचना अभ्यासली जाते. अशा अणुभट्टीतील मंदावलेला न्यूट्रॉनही सेकंदाला सुमारे २२०० मीटर धावतो. या गतीने तो सोलापूरहून पुण्याला दोन मिनिटांत पोहोचेल. त्याला अडवणारे भांडे कोणते?

उत्तर असे की, आधी त्याला सायकलस्वाराच्या गतीवर, सेकंदाला पाच-सात मीटरवर आणावे. इतका संथ न्यूट्रॉन निकेलसारख्या धातूच्या भिंतीवर आपटून परत फिरतो. वर उडाला तरी गुरुत्वाकर्षण त्याला दोन-तीन मीटरांतच खाली ओढते. यालाच अतिशीत न्यूट्रॉन म्हणतात. झेल्डोविच यांनी १९५९ मध्ये अशा साठवणुकीची कल्पना मांडली.

जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या ट्रिगा अणुभट्टीची नेहमीची शक्ती केवळ १०० किलोवॉट. परंतु एक नियंत्रक दांडा हवेच्या दाबाने झटक्यात बाहेर काढला की ती क्षणभर २५० मेगावॉटपर्यंत उसळते. इंधन तापताच प्रक्रिया आपोआप मंदावते. हा स्पंद सेकंदाच्या सुमारे ३० सहस्रांशांत संपतो. त्या क्षणी सुटलेले न्यूट्रॉन उणे २६८ अंशांच्या आसपास गोठवलेल्या ड्युटेरियममध्ये आपली ऊर्जा गमावतात. त्यांतील थोडे अतिशीत होऊन नळीवाटे भांड्यात येतात आणि लगेच झडप मिटते. नळ गेला, पण पिंप भरले.

मग ठरावीक वेळाने उरलेले न्यूट्रॉन मोजायचे. मात्र भिंतीतही काही न्यूट्रॉन शोषले जातात. ही गळती टाळण्यासाठी चुंबकीय क्षेत्राचीच भिंत उभारली जाते.

तरीही कोडे उरतेच. साठवणीच्या प्रयोगांत आयुर्मान सुमारे ८७९ सेकंद येते, तर वाहत्या झोतांवरील मोजणीत सुमारे ८८८. विश्वाच्या आरंभी हेलियम किती तयार झाला, याचा हिशेब या आकड्यावर अवलंबून आहे. म्हणून नऊ सेकंदांची ही तफावत क्षुल्लक मानता येत नाही.

दोन प्रामाणिक मोजण्या जुळत नसतील, तर एकीला खोटी ठरवून मोकळे होऊ नये. गळती शोधावी आणि पुन्हा मोजावे. आमच्या मुलामुलींनी विज्ञानाकडून एवढे घेतले, तरी आम्हांस पुरेसे वाटेल.