वाढत्या मापाची सायकल

आमच्या पेठेतलं सायकलचं जुनं दुकान यंदा दिवाळीनंतर बंद झालं. मालक थकले, मुलांना धंद्यात रस नव्हता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याच सुमारास शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी ऑनलाइन मागवलेली बीएमएक्स सायकल आली. खोक्यावर वय छापलेलं होतं, 9 ते 12. उंचीचा उल्लेख कुठेच नाही. जोडणाऱ्याने पुढचा चिमटा चक्क उलटा बसवला होता. त्यामुळे चाक आत सरकलेलं, ब्रेक मागच्या बाजूला गेलेला, आणि हँडल वळवलं की मुलीच्या बुटाचं टोक टायरला घासत होतं. ती घाबरली, आणि घरच्यांनी निष्कर्ष काढला की हिला सायकल जमत नाही. माझं डोकं तापलं ते तिथे. चाळीस वर्षांत सायकली देखण्या झाल्या, पण चालवणाऱ्याचं माप घेण्याची जी थोडीफार रीत होती, तीही आपण गमावली.

बीएमएक्स जन्माला आली तीच मुळी मापाला बसणारी सायकल म्हणून. अमेरिकेत 1963 साली श्विन कंपनीने वीस इंची चाकांची ‘स्टिंग-रे’ आणली. कॅलिफोर्नियातली पोरं तीच घेऊन मातीच्या मैदानांत मोटोक्रॉसची नक्कल करू लागली. 1970 मध्ये स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने लाँग बीचमध्ये शर्यती भरवल्या. 1982 मध्ये ‘ई.टी.’ चित्रपटात कुवाहारा या जपानी कंपनीच्या बीएमएक्स आकाशात उडाल्या आणि जगभरच्या मुलांना ती सायकल हवीशी झाली. हा सगळा खेळ मुलांनी स्वतः उभा केला. आपल्या हातापायांच्या लांबीची, पडली तरी न मोडणारी आणि उचलता येईल अशी सायकल त्यांना हवी होती.

आपल्याकडे ती पोचली तेव्हाच्या पुण्यात मुलांच्या मापाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. तासावर भाड्याने मिळणारी सायकल मोठ्या माणसांची, बावीस इंची. सीटवर बसून पाय पुरत नसत म्हणून आम्ही दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकलो. कंबर एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, आणि ब्रेक दाबायला हाताची बोटं पुरत नसत. त्याचं आज फार कौतुक होतं. मला ते कौतुक मान्य नाही. गुडघे फुटले म्हणून शिक्षण पक्कं होतं असं नाही, आणि भीती बसल्यामुळे सायकल कायमची सोडून दिलेल्या माझ्या वर्गातल्या मुली या आठवणींत कधीच नसतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशी कंपन्यांनी बीएमएक्सच्या धाटणीच्या सायकली काढल्या. हँडलच्या आडव्या नळीवर फोमचं कव्हर, पुढे नंबरप्लेट, जाड खाचांचे टायर, भडक पिवळा किंवा लाल रंग. दुकानाबाहेर ती उभी असली की शाळेतून येणाऱ्या मुलांची पावलं थबकायची. माझ्या भावाला ती मिळाली. मला मिळाली लेडीज सायकल, पुढे बास्केट, मागे स्कर्ट अडकू नये म्हणून जाळी, आणि ‘अजून उंची वाढेल’ म्हणून माझ्यापेक्षा चांगली मोठी. मी चालवणार कुठे आणि कशी, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मुलगी शाळेत जाईल आणि परत येईल, एवढाच तिचा रस्ता ठरलेला होता.

पेठेतल्या त्या दुकानाचे काका मात्र वेगळे होते. ते गिऱ्हाइकाच्या मुलाला आधी सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं करायचे आणि दांडी व मांड्यांच्या मध्ये आपला पंजा सरकवून बघायचे. मग हँडल धरायला लावून कोपराला बोट लावायचे. कोपर ताठ झालं की नकारार्थी मान हलवायचे. माझं हे सगळं करून झाल्यावर ते वडिलांना म्हणाले, “साहेब, ही आत्ता चालवणार ना? मग आत्ताच्या मापाची घ्या.” वडिलांनी मोठीच घेतली. जूनमध्ये वाढत्या अंगाचा गणवेश घेतला तर खालून दुमडता येतो, सायकलला दुमड घालता येत नाही. ही साधी गोष्ट आमच्या पिढीच्या कितीतरी घरांत ऐकून घेतली गेली नाही, आणि मुलांचे अनेक उन्हाळे टाचा उंचावून पेडल गाठण्यात गेले.

त्या वर्षांत कोथरूडला बंगले पडून इमारती उठत होत्या. प्रत्येक बांधकामापुढे वाळूचे ढीग आणि त्यावर टेकवलेल्या फळ्या. बीएमएक्सवाल्या मुलांचं ते मैदान होतं. भाऊ दमला की मी त्याची सायकल घ्यायची. खाली झुकलेली दांडी, वीस इंची चाक, जमिनीला सहज टेकणारे पाय... ती सायकल माझ्या अंगाला त्याच्याहून चांगली बसत होती. फळीवरून पुढचं चाक उचलायला मी तिथेच शिकले. ते पाहून शाळेतल्या एका बाईंनी आईला बोलावून ‘मुलीला आवरा’ असं सांगितलं. त्या वाक्याने माझा खेळ संपला. इतक्या वर्षांनीही त्या बाईंचं म्हणणं मला चूकच वाटतं.

त्या सायकलींबद्दलही खरं सांगायला हवं. दिसायच्या त्या बीएमएक्स, पण घाट साध्या रस्त्याच्या सायकलीचा. नळ्या जड. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, कॉटर पिनने अडकवलेला. ढिगावरून चार उड्या मारल्या की कॉटर ढिला व्हायचा आणि पेडल मारताना दर फेरीला ‘टक्’ असा आवाज यायचा. काका हातोडीने पिन ठोकून द्यायचे आणि सांगायचे, ही उड्या मारायची गाडी नाही. जाहिरातीतला मुलगा मात्र हवेतच असायचा. मुलांना उडी दाखवायची आणि उडी न झेपणारं लोखंड विकायचं, हा त्या काळाचा खोटेपणा होता.

पुढची वर्षं भराभर सांगते. 1992 मध्ये ‘जो जीता वही सिकंदर’ हा चित्रपट आला आणि सगळ्यांना गिअरची सायकल हवी झाली. मग रस्त्यांवर मोपेड आणि स्कूटी वाढल्या, भाड्याच्या सायकली नाहीशा झाल्या. बीएमएक्स लहान मुलांचं खेळणं म्हणून मागे राहिली. तिकडे 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत आली, आणि 2021 साली टोकियोत फ्रीस्टाइल. तिथे ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत पडली, दुसऱ्या फेरीत तीच उडी, हवेत पूर्ण गिरकी घेत मागे कोलांटी, पुन्हा मारली आणि 97.50 गुण घेऊन सुवर्णपदक जिंकली. ते बघताना मला कोथरूडची फळी आठवली आणि राग आला.

आज खरी बीएमएक्स भारतात मिळू शकते, म्हणूनच ती नीट निवडायला हवी. मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या बहुतेक बीएमएक्सचं चाक वीस इंचीच असतं. माप बदलतं ते फ्रेमच्या वरच्या नळीचं. पाच फुटांच्या आसपासच्या मुलाला साधारण वीस इंची नळी पुरते, साडेपाच फुटांना साडेवीस, सहा फुटांना एकवीस. त्याहून लहान मुलांना सोळा किंवा अठरा इंची चाक. सीट खालीच राहणार, कारण ही सायकल मुख्यतः उभ्याने चालवायची असते. सीट वर ओढून माप जुळवणं इथे उपयोगाचं नाही.

मग चालवण्याची तऱ्हा. शर्यतीला हलकी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम लागते. पायऱ्या, कठडे आणि उड्यांसाठी क्रोमोली पोलादाची, मागून आखूड फ्रेम. सपाट जमिनीवरच्या कसरतींना त्याहून आखूड. साधं ‘स्टील’ एवढंच लिहिलं असेल तर ती गल्लीत फिरवायची आहे असं समजावं. पुढची दातेरी चकती लहान दिसली म्हणून नाक मुरडू नका. पूर्वी पुढे 44 आणि मागे 16 दाते असत, आता 25 आणि 9 असतात. वेग जवळपास तोच, पण वजन कमी होतं आणि कठड्यावर चकती आपटत नाही.

शेजारच्या मुलीच्या सायकलीचा चिमटा आम्ही सरळ करून घेतला, पण फ्रेम तिला मोठीच आहे. तिच्या वडिलांना मी तेच सांगितलं जे प्रत्येक पालकाला सांगायचं आहे. मुलीला सोबत घेऊन दुकानात जा, तिला सायकलवर उभी करा, कोपर बघा, आणि ती कुठे, कशी चालवणार हे तिलाच विचारा. पुढच्या वर्षी उंची वाढली तर ती मापाची सायकल दुसऱ्या एखाद्या मुलाला द्या. मापाची सायकल दोन वर्षंच टिकली तरी पैसे वसूल होतात. बेमाप सायकल दहा वर्षं टिकली तरी ती जिन्याखालीच असते.